घासलेली सात नाणी

मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला ही माहिती बायको चहाच्या आधी पुरवते. बँकेत गेलो की आपली सही आपल्याच सहीशी जुळेल की नाही, या विचाराने माझा हात कापतो आणि मग ती खरोखरच जुळत नाही. रस्त्यात पोलीस दिसला की निष्पाप माणूस कसा चालतो ते आठवून मी तसा चालायला जातो. बायको म्हणते, तेव्हा मी नुकताच दरोडा घालून आल्यासारखा दिसतो.

अशा माणसाने चोरीचा माल विकत घ्यावा, याला काय म्हणायचं?

त्याचं असं झालं. मी छापखान्यात प्रुफं तपासतो. गेली सव्वीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घाची राखण करतोय. एका दुपारी हाताशी काम नव्हतं म्हणून कॉम्प्युटरवर इकडेतिकडे बघत बसलो होतो, तर समोर जाहिरात आली : ‘चांदीची प्रूफ नाणी. एकूण सात. काळवंडलेली. पेटीचे बिजागर तुटलेले. अत्यंत स्वस्त.’ प्रूफ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ही कसली प्रुफं म्हणून वाचत गेलो तेव्हा कळलं, की प्रूफ नाणं म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, तर पेटीत जपून ठेवायला मुद्दाम पाडलेलं नाणं. त्याचा पृष्ठभाग आरशासारखा लखलखीत असतो, बोटसुद्धा लावायचं नसतं. पण कधी हवेने, कधी धुराने त्याच्यावर रंग चढतो, डाग पडतात, आणि मग शौकीन लोक नाक मुरडतात. म्हणून ते चांदीच्याही भावाखाली मिळतं.

मी विचार केला, डाग पडला म्हणून चांदी काय लोखंड होते? माणूस काळवंडला म्हणून कुणी त्याला निम्म्या पगारावर ठेवत नाही. (हे मला वाटत होतं. आमच्या मालकांचं मत वेगळं आहे.) त्या भरात मी बटण दाबलं. बायकोला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

ती चकित झाली, पण माझ्याकडून नाही. पार्सल आलं तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं, म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांकडे गेलं. वकीलकाका वकील नाहीत. ते तीस वर्षं कोर्टात खटल्यांच्या वेळी नावं पुकारायचे. नोकरी संपली, आवाज राहिला. संध्याकाळी आम्ही जिन्याखाली पोचलो तेव्हा त्यांनी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तीनदा पुकारलं आणि म्हणाले, “नाणी आली आहेत तुमची! चांदीची! सात!” चौथ्या मजल्यावरच्या खिडक्यासुद्धा उघडल्या.

घरी येऊन पेटी उघडली. आतमध्ये निळ्या मखमलीवर सात वर्तुळं होती. एक काळं, एक तपकिरी, एक जांभळट, एकाच्या कडेला हिरवट झाक. बायकोने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“ही चांदी?”

“चांदीच. रंग चढलाय थोडा.”

“अहो, हे चढलेले रंग नाहीत. ही धुराड्यातून काढलीयेत. चांदी म्हणून तुम्हाला कुणीतरी शेगडीच्या चकत्या विकल्या.”

माणसाने कितीही सोसावं, पण शेगडीच्या चकत्या? रविवारी सकाळी मी टूथ पावडर, जुना ब्रश आणि बनियनचा एक तुकडा घेऊन बसलो. तीन तास घासलं. सातही नाणी अशी चमकायला लागली, की बायकोने एकात बघून कपाळावर आलेले केस मागे सारले. कुणी काही म्हणो, पण प्रूफ नाणं तिने आरसा म्हणून वापरलं हा माझा विजय होता. विजय साजरा करायला मी पेटी घेऊन वकीलकाकांकडे गेलो. ही माझी चूक. विजयी माणसाने घरीच बसावं.

काकांनी एक नाणं टेबलावर वाजवलं, कान लावला, आणि कोर्टातल्यासारखे सरळ होऊन बसले.

“स्वस्त मिळाली?”

“खूपच.”

“हे बघा. स्वस्त वस्तूला तीन कारणं असतात. एक, वस्तू खोटी. ही खोटी नाही, खणखणीत वाजली. दोन, विकणारा खुळा. तो खुळा नाही, पैसे आधी घेतले त्याने. राहिलं तिसरं.”

“तिसरं काय?”

“वस्तू दुसऱ्याची.” एवढं बोलून त्यांनी नाण्यावरचे आपल्या बोटांचे ठसे रुमालाने पुसून काढले. “आणि तुम्ही ती घासलीत?”

“स्वच्छ केली.”

“पुरावा नष्ट केलात. चोरापेक्षा तुमचंच कलम मोठं आहे.”

मी वर आलो आणि विकणाऱ्याला निरोप पाठवायला गेलो. त्याचं खातं बंद झालं होतं. पान कोरं. सव्वीस वर्षांत कोऱ्या पानाला मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पेटी आधी पिठाच्या डब्यात ठेवली. मग वाटलं, पहिल्यांदा तिथेच बघतील. मग गिझरच्या मागे ठेवली, तिथे गरम होऊन पुन्हा काळी पडतील म्हणून बुटांच्या कपाटात हलवली. दारावरची बेल वाजली की मी बाथरूममध्ये. दुधाचं बिल घेऊन आलेल्या बाईला बायकोने “साहेब आंघोळ करताहेत” असं एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं, तेव्हा बाईने, कातडीचा काही आजार आहे का, अशी काळजीने चौकशी केली.

छापखान्यात तर कहर झाला. पाणीपुरवठा खात्याचं पत्रक छापायचं होतं. पाण्याला दोन दिवस पिवळट रंग येईल, ‘तरी नागरिकांनी घाबरू नये’, असा मजकूर. त्यातलं ‘घाबरू नये’ माझ्या हाताखालून ‘घाबरून राहावे’ होऊन गेलं. पाच हजार प्रती घरोघर वाटल्या गेल्या. मालकांनी मला बोलावून ते पत्रक माझ्यासमोर धरलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “तुमच्याकडून?” त्या एका शब्दात माझी सव्वीस वर्षं गेली.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला.

“ऑनलाइन सात नाणी मागवणारे तुम्हीच का?” बाईचा आवाज. “मी पोलीस मुख्यालयातून बोलतेय, खोली अकरा. उद्या सकाळी दहाला नाणी घेऊन या.”

“काही… काही विशेष?”

“आल्यावर कळेल.”

‘आल्यावर कळेल’ हे जगातले सगळ्यांत भीतिदायक दोन शब्द आहेत. हेडमास्तर हेच म्हणतात, डॉक्टर हेच म्हणतात, आणि आल्यावर जे कळतं ते चांगलं असल्याचं मला आठवत नाही. मालकांनी माझा चेहरा पाहिला आणि पत्रक बाजूला ठेवून मला पाणी दिलं. पिवळट होतं.

संध्याकाळी सल्ल्यांचा पाऊस पडला. वकीलकाका म्हणाले, आधी जामिनाचं बघा, दोन जोड कपडे बरोबर घ्या, आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलू नका. शेजारचे विमावाले म्हणाले, नाणी नदीत टाका आणि हरवली म्हणून सांगा. दोघांचे सल्ले एकत्र केले तर मी दोन जोड कपडे नदीत टाकून आलो असतो, अशी माझी अवस्था होती.

बायको भाजी निवडत ऐकत होती. सगळे गेल्यावर म्हणाली, “अहो, घेऊन जा आणि देऊन या. त्यात काय एवढं?”

“अगं, पण मी घासलीत ती!”

“मग घासून दिली म्हणा. लोक त्याचे पैसे घेतात.” मग माझ्याकडे बघून आवाज बदलला. “मी येते बरोबर.”

तुटकी पेटी पिशवीत उघडत होती, म्हणून नाणी माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवली. मुख्यालयाच्या फाटकावर सामान तपासायचं यंत्र होतं. डबा त्यातून गेला आणि पडद्यावर नुसता काळा गोळा दिसला. शिपायाने विचारलं, “काय आहे?”

“डबा.”

“डब्यात काय?”

विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी पाठ केलं होतं, पण विचारल्यावर काय बोलायचं ते काकांनी सांगितलंच नव्हतं. बायको म्हणाली, “नाणी. खोली अकरा.” शिपायाने जाडजूड वही पुढे सरकवली. त्यात आपण कोण त्यावर खूण करायची होती : तक्रारदार, साक्षीदार, आरोपी, इतर. मी बराच विचार करून ‘इतर’वर खूण केली.

“इतर म्हणजे पंखे दुरुस्त करणारे,” शिपाई म्हणाला. “तुम्ही पंखेवाले आहात का?”

“नाही.”

“मग नीट लिहा.”

मी पेन हातात धरून उभा राहिलो. मागे रांग वाढली. साक्षीदार म्हणावं तर मी काही पाहिलं नव्हतं. आरोपी म्हणावं तर आपल्या हाताने कसं लिहायचं? शेवटी बायकोने पेन घेऊन ‘साक्षीदार’वर खूण केली आणि मी सही केली. ती ओळखपत्रावरच्या सहीशी जुळली नाही. शिपाई म्हणाला, “साहेब, तुमचं कशाशी जुळतं का हो?” पण आत सोडलं.

खोली अकरासमोर लाकडी बाक होता. त्यावर एक म्हातारबाई बसली होती. ऐंशीच्या आसपासची, अंगाने चिमणीएवढी, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. ते हात थरथरत होते. एवढं थरथरणारं माणूस मी आरशाबाहेर पहिल्यांदाच बघत होतो.

“तुम्हाला पण बोलावलंय?” तिने विचारलं.

“हो.”

“मला फार भीती वाटतेय हो.”

“मलाही,” मी म्हणालो. आणि खरं सांगतो, चार दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

बायको तिच्या शेजारी बसली. बायकोशेजारी कुणीही बोलायला लागतं. म्हातारबाईनं सांगितलं, की तिच्या नवऱ्याला नाण्यांचा नाद होता. चांदीची प्रूफ नाणी. बऱ्याच वर्षांपूर्वी घरात वायर जळून आग लागली. माणसं वाचली, पण कपाटात धूर भरला आणि सगळी नाणी काळी-निळी झाली. “लोक म्हणाले, वाया गेली, वितळवून टाका. हे म्हणाले, आधी सातही सारखी होती, आता ओळखू येतात. प्रत्येकाचं वर्णन वहीत लिहून ठेवलं त्यांनी, ती वही आणलीय मी. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात पेटी नाहीशी झाली. मी तक्रार दिली.”

माझ्या मांडीवरचा डबा एकदम जड झाला.

“मग आता मिळतील की,” बायको माझ्याकडे न बघता म्हणाली.

“तीच तर भीती.” म्हातारबाईनं आवाज खाली आणला. “मागच्या आठवड्यात कळलं, माझ्या धाकट्या भावानेच विकली. सत्तरीचा आहे. देणेकरी दारात उभे होते म्हणे त्याच्या. मला विचारलं असतं तर मी दिली असती. तक्रार मागे घ्यायला आले, तर म्हणाले, माल सापडल्याशिवाय घेता येत नाही. आता माल सापडला, तर आधी ओळख पटवा म्हणतात. मी ओळखली तर ते भावाला नेणार. नाही ओळखली तर मी खोटी ठरणार. यांच्या नाण्यांना नाही कसं म्हणू?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण भित्रा माणूस एका ठरावीक पातळीनंतर खरं बोलायला लागतो. त्याला खोटं पेलत नाही.

“आजी, ती नाणी माझ्याकडे आहेत,” मी म्हणालो. “विकत घेतली. मला माहीत नव्हतं. आणि मी… मी ती घासली.”

“घासली?”

“टूथ पावडरीने.”

“सगळी?”

“सातही.”

 तिचे पिशवीवरचे हात थांबले. वकीलकाकांनी सांगितलेली सगळी कलमं त्या थांबलेल्या हातांपुढे काहीच नव्हती. मला वाटलं, आता अटक झाली तर बरं, निदान इथून उठता येईल.

दार उघडलं. “या आत, दोघंही.” बायको ‘मी यांची’ म्हणत तिसरी आली.

इन्स्पेक्टर मॅडम पस्तिशीच्या असतील. टेबलावर फायलींचे ढीग, खिडकीतून उन्हाचा पट्टा. मी डबा उघडला आणि सात नाण्यांचा प्रकाश छतावर जाऊन नाचायला लागला. मॅडमनी वर बघितलं, खाली बघितलं, मग म्हातारबाईकडून वही घेतली. वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे अक्षर आहे की मुंग्या?”

“मी वाचू का?” मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. “मी प्रूफरीडर आहे. असली अक्षरं रोजची आहेत.”

मॅडमनी वही पुढे केली. मी चष्मा लावला, डाव्या हाताला वही, उजव्या हाताला नाणं, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने वाचायला लागलो.

“क्रमांक एक. कडेने निळा रंग, मोराच्या मानेसारखा.” मी नाणं पाहिलं. “जुळत नाही.”

“क्रमांक दोन. अर्धं जांभळं, अर्धं तांबूस, सूर्यास्तासारखं. जुळत नाही.”

“क्रमांक तीन. पूर्ण काळं, मधे एक पांढरी चांदणी. जुळत नाही.”

चौथ्या नाण्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी काय करतोय. मी पोलीस मुख्यालयात बसून, कागद आणि वस्तू यांच्यात फरक आहे, असं नोंदवून देत होतो. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.  मला थांबायचं होतं. पण मी म्हातारबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्याही लक्षात आलं होतं.

चार, पाच, सहा. “जुळत नाही,” हे शब्द मी इतक्या वेळा आयुष्यात कुठल्याही लेखकाला ऐकवले नव्हते.

“क्रमांक सात,” मी वाचलं. “मधोमध काळा ढग. खाली उजवीकडे माझा अंगठा उमटला आहे. पुसू नये.”

पुसू नये. खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी नाणं उचललं. ढग नव्हता, तो माझ्या बनियनवर गेला होता. समोरून पाहिलं तर नुसता आरसा. तो जरा तिरका झाला, खिडकीतलं ऊन आडवं पडलं, आणि खाली उजव्या बाजूला बारीक, गोल गोल रेषा वर आल्या. अंगठा चांदीत उतरला होता. तीन तास घासूनही तो गेला नव्हता.

“काळा ढग नाही,” मी म्हणालो. 

“आणि अंगठा?” मॅडमनी विचारलं.

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या छातीत छापखान्याचं मशीन सुरू झालं होतं.  मी नाणं म्हातारबाईच्या हातात दिलं.

“आजी, तुम्हीच बघा,” मॅडम म्हणाल्या. “नीट बघा. घाई नाही. ही तुमची आहेत का?”

तिने नाणं तिरकं केलं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.  बायकोने माझा हात घट्ट पकडला, तो अजून दुखतो. शेवटी म्हातारबाईनं मान वर केली.

“पोरी,” ती म्हणाली, “एवढी चकचकीत नाणी आमच्या घरात कधीच नव्हती.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डब्याच्या झाकणाकडे, ज्याच्या कडेला टूथ पावडरीची पांढरी रेघ राहिली होती. त्या क्षणी मी मनातल्या मनात दोन जोड कपडे मोजले. मॅडमनी पेन उचललं, फाइलवर एक ओळ लिहिली आणि ती माझ्यासमोर फिरवली. “वाचा. शुद्धलेखन बरोबर आहे का?”

‘वस्तूंचे वर्णन तक्रारीशी जुळत नाही.’

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“मग न्या तुमचा डबा. आणि यापुढे खरेदी करताना विकणारा कोण ते बघा.”

आम्ही तिघं बाहेर पायऱ्यांवर आलो. मी काही बोलायच्या आत बायकोने डबा म्हातारबाईपुढे धरला. तिने सातवं नाणं तेवढं घेतलं.

“बाकीची ठेवा तुम्ही. रंग गेले त्यांचे, आता ती सहाही सारखीच झाली. हे एक ओळखू येतं.”

“आजी, मला माफ…”

“पुसू नये असं मला पण सांगायचे ते,” ती म्हणाली. “पण त्यांना तरी कुठे माहीत होतं, की पुसून जात नाही म्हणून.”

“आणि भाऊ?” बायकोने विचारलं.

“त्याला सांगते, नाणी सापडली नाहीत, तपास चालू आहे.” म्हातारबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. “घाबरू दे जरा वर्षभर.”

तेवढ्यात मागून बुटांचा आवाज आला. इन्स्पेक्टर मॅडम पायऱ्या उतरत होत्या, थेट आमच्याकडे. म्हातारबाईनं झटकन मूठ मिटली.  मॅडम आमच्यासमोर थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं.

“आजी, पलीकडे जायचंय ना तुम्हाला? बसस्टॉपला? रहदारी फार आहे.”

आणि त्यांनी म्हातारबाईचा हात धरला. तोच हात. मिटलेल्या मुठीवर आपली मूठ ठेवून त्या तिला सावकाश रस्त्यात घेऊन गेल्या. दुसरा हात वर करून त्यांनी गाड्या थांबवल्या. एक ट्रक, दोन रिक्षा, एक पाण्याचा टँकर, सगळे थांबून राहिले. रस्त्याच्या मधोमध मॅडम काहीतरी बोलल्या आणि म्हातारबाई हसली. काय बोलल्या ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. पलीकडे पोचल्यावर मॅडमनी ती मूठ हलकेच सोडली, दोन्ही हातांनी एकदा थोपटली, आणि बस येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

“अहो,” बायको म्हणाली, “श्वास घ्या आता.”